डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह

ताईच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी तिची कारखान्यात ख्याती होती. बल्बच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत तिची उभी हयात गेली. खोली अंधारी, भिंतींना काळा रंग, आणि समोरून पेटत्या बल्बांची रांग सरकत जायची. ताई काळ्या काचेच्या चष्म्यातून बघत बसायची. कुणाची तार वाकडी, कुणाच्या काचेत बुडबुडा, कुणाच्या बुडाशी केसाएवढी चीर. चीर गेलेला बल्ब पेटवला की आत पांढरा धूर व्हायचा आणि तार क्षणात जळून जायची, कारण आत हवा शिरलेली असायची. बाहेरून मात्र तो शेजारच्या बल्बासारखाच दिसायचा. नव्याने लागलेल्या मुलींना ताई सांगायची, "फुटलेली काच कुणालाही दिसते गं. न फुटलेलीवर लक्ष ठेवा." मुली पाठीमागे तिला भिंगबाई म्हणायच्या. तिला ते माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही.

कारखाना बंद पडला तो एका झटक्यात नाही. आधी एक पाळी गेली, मग कॅन्टीन गेलं, मग दिवाळं वाजल्याची बातमी आली. शेवटच्या आठवड्यात मागच्या बाजूची एक शेड भंगारवाल्यांसाठी उघडली. त्या शेडमध्ये ताईच्या जन्माच्याही आधी रेडिओचे व्हॉल्व्ह बनायचे. धुळीने माखलेल्या खोक्यांत ते अजून पडले होते. बोटभर उंचीच्या काचेच्या नळ्या, आत पत्र्याच्या बारीक बारीक जाळ्या, डोक्यावर आतून चांदीसारखा मुलामा. भंगारवाला ती खोकी हातोड्याने फोडायच्या बेतात होता. त्याला हवे होते ते आतले धातू.

"हे मला दे," ताई म्हणाली.

"काय करणार घेऊन? पेटत नाहीत, बाई. उजेड नाही पडत यांचा."

"नाही पडला तर नाही पडला."

एक खोकं ती रिक्षातून घरी घेऊन आली. घर धाकट्या भावाचं. भाऊ छापखान्यात मुद्रितं तपासायचा. बायको गेल्यानंतर त्यानेच ताईला बोलावून घेतलं होतं. "तू बल्बातल्या चुका काढ, मी ऱ्हस्वदीर्घाच्या काढतो. एकमेकांच्या काढायच्या नाहीत, एवढी एकच अट," असं तेव्हाच ठरलं होतं. ती अट दोघांनीही फारशी पाळली नाही. तरी घर नीट चाललं.

खोकं बघून भाऊ म्हणाला, "नोकरी सुटली म्हणून लोक देवधर्माला लागतात. तू काचा गोळा करायला लागलीस."

पण काचांनी तिला धरलं ते धरलंच. तिने जुन्या बाजारातून व्हॉल्व्हवर चालणारा एक मोडका अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकला गाठून दुरुस्तीचं शिकून घेतलं. मेकॅनिकने पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. "डावा हात कायम पाठीमागे. दोन्ही हात आत गेले आणि चुकून वीज लागली, तर ती एका हातातून शिरते आणि काळजातून दुसऱ्या हातात जाते. आणि बटण बंद केलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. आतल्या डब्यांत वीज दबा धरून बसलेली असते." ताईने ते पक्कं गाठीला बांधलं. उघडा अ‍ॅम्प समोर असला की तिचा डावा हात आपोआप कमरेमागे जायचा, जणू कुणी मुसक्याच बांधल्यात.

घड्याळवाल्यांची ओळख त्या जुन्या बाजारातच झाली. एकाच खोक्यातल्या एकाच व्हॉल्व्हकडे दोघांचे हात एकदम गेले. ते घड्याळं दुरुस्त करायचे. चौकाजवळच्या बोळात त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. माणूस सडपातळ, बोलणं मोजकं, आणि नाद तोच, व्हॉल्व्हचा. त्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला. "तुम्ही घ्या, बाई. पण ऐकायला बोलवा म्हणजे झालं."

तेव्हापासून रविवारची सकाळ त्यांची झाली. घड्याळवाले आपली लाकडी पेटी घेऊन यायचे. पेटीत कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह असायचे. ताईच्या खोलीत दोन स्पीकर, मधोमध एक खुर्ची. एकाच गायिकेची एकच तबकडी, तिचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा, आणि दर वेळी एक व्हॉल्व्ह बदलायचा. सारख्याच क्रमांकाचे दोन व्हॉल्व्ह, पण एकात गायिकेचा श्वास ऐकू यायचा आणि दुसऱ्यात नाही. एकात आवाज जवळ येऊन बसायचा, दुसऱ्यात दाराशी उभा राहायचा. आपण कुठला ऐकतोय हे आधी कळलं तर मन फसवतं, म्हणून बदलायचं काम भावाकडे होतं. तो पडद्याआड हातात जाड कापड धरून बसायचा, तापलेला व्हॉल्व्ह काढायचा, दुसरा बसवायचा.

एकदा दोघांनी अर्धा तास वाद घातला. ताई म्हणत होती दुसरा जास्त मोकळा, घड्याळवाले म्हणत होते मोकळा आहे पण खर्जात पोकळ. शेवटी पडद्याआडून भाऊ बाहेर आला. "मी काही बदललंच नाही. कंटाळा आला म्हणून पेपर वाचत होतो."

घड्याळवाले इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. ताई मात्र दिवसभर भावाशी बोलली नाही.

पुढे गावातलं एक जुनं सिनेमागृह पाडायला काढलं. पडद्यामागच्या अ‍ॅम्पमधली व्हॉल्व्हची एक मोठी जोडी ताईला तिथल्या मशीनवाल्याकडून मिळाली. असली जोडी तिला फक्त ऐकून माहीत होती. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच दिवशी, एकाच हाताने बनवल्यासारखे. तिने ते बसवले आणि गायिका खोलीत येऊन उभी राहिली. ताईने भावाला हाक मारली. तो दारात आला, उभ्या उभ्या ऐकलं, आणि काहीच विनोद केला नाही. एवढं पुरेसं होतं.

घड्याळवाल्यांनी ती जोडी आठवडाभर मागितली. आपल्या अ‍ॅम्पवर ऐकायची म्हणाले. ताईचा जीव खालीवर झाला, पण नाही म्हणवेना. पुढच्या रविवारी त्यांनी ती कापसात गुंडाळून जशीच्या तशी परत आणली. काही दिवस घरात पाहुण्यांची गडबड होती, ऐकायला सवड झाली नाही. मग एका दुपारी तिने जोडी बसवली, खुर्चीत बसली, आणि लगेच उठून सुई पुन्हा तबकडीच्या सुरुवातीला नेली.

डावी बाजू गेली होती.

पूर्ण नाही. पण गायिकेचे 'स' आणि 'श' डावीकडे बोथट झाले होते, जणू तोंडावर पदर धरून गात होती. आणि गाण्याच्या मागे, डावीकडेच, एक बारीक गुणगुण होती. बंद खोलीत अडकलेल्या माशीसारखी.

"भाऊ, इकडे ये. ऐक. गुणगुण येतेय ना?"

भावाने मान तिरकी करून ऐकलं. "मला तर नाही येत."

"तुझे कान म्हणजे दगड आहेत."

"असतील. पण दगडाला नाही येत गुणगुण."

ताईने डावा व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला. मुलामा चकचकीत, काच स्वच्छ. पण बुडावरचा छापलेला क्रमांक तिला जरा फिका वाटला. आधी एवढा फिका होता का? तिला आठवेना. आणि जिला डोळ्यांवर एवढा भरवसा, तिला आठवत नाही म्हणजे काहीतरी बदललं आहे, असं तिच्या मनाने घेतलं. एकदा मनाने घेतल्यावर मग पुरावे आपणहून येऊन बसायला लागले. त्यांनी जोडी मागितली तेव्हा डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. परत देताना घाईत होते. त्यांच्याकडे त्याच क्रमांकाचा एक सुटा व्हॉल्व्ह होता, हे त्यांनीच कधी तरी सांगितलं होतं.

रविवारी घड्याळवाले आले. ताईने चहा ठेवला नाही. तबकडी लावली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. ती स्वतः बाजूला उभी राहिली, मान डावीकडे वळवून, उजवा कान स्पीकरकडे करून.

"काय ऐकू येतं?"

"छान आहे. नेहमीसारखंच."

"डावीकडे?"

"तेही तसंच."

"तसं नाहीये. हा माझा व्हॉल्व्ह नाही."

घड्याळवाल्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "बाई, तुम्ही काय म्हणताय?"

"मी म्हणतेय ते तुम्हाला कळलंय. माझा मला परत द्या. मी कुणाला बोलणार नाही."

भाऊ पडद्याआडून बाहेर आला. "ताई, अगं..."

"तू मध्ये पडू नकोस!"

घड्याळवाले तिच्याकडे बघत राहिले. तिचं तोंड, तिची वळलेली मान, पुन्हा तिचं तोंड. काहीतरी बोलायला त्यांचे ओठ हलले, आणि मिटले. त्यांनी पेटी उचलली. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश उतरत गेली. ताईला वाटलं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. निर्दोष माणूस भांडला असता.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडत गेलं, पण ते इतक्या सावकाश की दोघांनाही त्यावर बोट ठेवता येईना. ताई एकेक व्हॉल्व्ह बसवून बघायची. खोक्यातला प्रत्येक, कपाटातला प्रत्येक. डावीकडे प्रत्येकच बोथट वाटायचा. सगळ्यांनाच काही घड्याळवाल्यांनी हात लावला नसणार, एवढा हिशेब तिला समजत होता. मग तिने दोष अ‍ॅम्पवर ढकलला, मग घरातल्या विजेवर, मग भिंतीवर. भाऊ जेवायला हाका मारून मारून थकायचा. तिच्या डाव्या हाताला ताटावर बसून बोललेलं तिला ऐकूच जायचं नाही. "हल्ली माझं बोलणं तुला टाळायचंय का?" त्याने एकदा विचारलं. "तू हल्ली पुटपुटतोस," ती म्हणाली. तो मुद्रितशोधक, उच्चाराला पक्का. त्याला ते लागलं.

एका दुपारी तिने अ‍ॅम्प उलटा करून उघडला. डोकं जड झालं होतं, डावा गाल जरा बधिर, दाढ काढताना सुई दिल्यासारखा. तिने पेचकस आत घातला. आतली वीज आधी काढून टाकायची असते. आजवर एकदाही न चुकलेली ती गोष्ट तिच्या लक्षातून पार गेली होती. फाडकन ठिणगी उडाली. पेचकसाचं टोक वितळून वाकलं आणि खोलीभर जळका वास भरला. डावा हात कमरेमागे होता म्हणून ती वाचली. ती जमिनीवर बसून राहिली. आवाज मोठा झाला होता, तरी तो तिला एकाच बाजूने ऐकू आला होता. हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने ते तसंच बाजूला सारलं. माणूस घाबरला की हातात सापडलेलं उत्तरही खाली टाकतो.

भावाने विचारलं, "कसला वास येतोय?"

"काही नाही. वायर जळाली."

पण ती तपासणी करणारी बाई होती. उत्तर किती दिवस बाजूला सारणार? ज्या मेकॅनिककडे ती शिकली होती त्याची एक साधी रीत होती. दोष कुठे आहे ते शोधायचं असेल तर अदलाबदल करा. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. ज्या वस्तूबरोबर दोष हलेल, ती वस्तू खराब.

भाऊ छापखान्यात गेला होता. घरात ऊन आलं होतं, खाली रस्त्यावर नळाच्या दुरुस्तीचं खोदकाम चालू होतं, ते दुपारच्या सुट्टीत थांबलं. ताईने सिनेमागृहाची जोडी पुन्हा बसवली. व्हॉल्व्ह तापू दिले. ऐकलं. डावीकडे बोथट, डावीकडे गुणगुण. मग दोन व्हॉल्व्हची अदलाबदल केली. आता दोष उजवीकडे जायला हवा होता. तो डावीकडेच राहिला.

म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. घड्याळवाल्यांचा उतरलेला चेहरा समोर आला. पण थांबता येईना. तिने स्पीकरच्या वायरी बदलल्या. डावीकडे. स्पीकरच उचलून या बाजूचे त्या बाजूला नेले, धाप लागली, भिंतीला धरून उभी राहिली. डावीकडे. आता बदलायला एकच वस्तू उरली होती, आणि ती खुर्चीत बसत होती.

ताईने खुर्ची उलटी फिरवली. स्पीकरकडे पाठ करून बसली. आता खोलीची डावी बाजू तिच्या उजवीकडे होती.

गुणगुण जागची हलली होती. तिच्याबरोबर फिरून ती पुन्हा डावीकडेच येऊन बसली होती.

तिने उठून सगळं बंद केलं. व्हॉल्व्हमधली लाली विझत गेली, काच निवताना टिकटिक वाजली. खोली गप्प झाली. गुणगुण चालू राहिली.

हे तिने भावाला सांगितलं नाही. दिवस गेले, आठवडे गेले. फोन डाव्या कानाला लावला तर तो मेल्यासारखा वाटायचा, म्हणून ती उजव्याला लावायची. चालताना तोल एका बाजूला जायचा, म्हणून भिंतीच्या कडेने चालायची. शेवटी एक दिवस भाजी घेऊन जिना चढताना पायरी जिथे होती तिथे पाय पडला नाही. पिशवी गडगडत खाली गेली. भावाने तिला कठड्याला लोंबकळताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी धरून डॉक्टरकडे नेलं.

मोठ्या इस्पितळात तिला एका नळकांड्यात सरकवून डोक्याचं चित्र काढलं. आत ठकठक आवाज होत होता. तो तिला एकाच कानाने ऐकू येत होता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलणं आडवळणाचं नव्हतं. त्यांनी उजेडाच्या पाटीवर चित्र लावलं. कानामागे, जिथून ऐकण्याची नस मेंदूत शिरते, तिथे एक पांढरा ठिपका होता. बोराएवढा.

"ही गाठ आहे. पसरणाऱ्या जातीची नाही, पण जागा वाईट आहे. मेंदूला दाबायला लागलीय. काढावी लागेल."

"आणि कान?" ताईने विचारलं.

"तो जाईल. चेहऱ्याची नसही तिला चिकटलेली आहे, तिला जपायचा प्रयत्न करू. खात्री नाही देता येणार." डॉक्टरीणबाईंनी चित्राकडे बघितलं. "या गाठी फार सावकाश वाढतात. थोडी आधी, लहान असताना सापडली असती, तर कान वाचवायची निदान संधी होती. तुम्हाला किंवा घरात कुणाला जाणवलं नाही का?"

भावाने मान खाली घातली.

शस्त्रक्रियेच्या आधी ती एकटीच बोळातल्या दुकानात गेली. घड्याळवाले भिंग डोळ्याला लावून बसले होते. तिला बघून त्यांनी भिंग काढलं, पण उठले नाहीत. ताई काउंटरला धरून उभी राहिली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह निर्दोष होता, तिचा कान खराब होता, गाठ निघाली आहे. "मी तुम्हाला चोर ठरवलं. त्याबद्दल माफी मागायला आलेय."

भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा दाखवत चालली होती. घड्याळवाल्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"माझे व्हॉल्व्ह मी विकले, बाई. त्याच आठवड्यात. घरात ठेवायला नको वाटले."

"सगळे?"

"सगळे." त्यांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. "तुम्ही माफी मागू नका. मला शंका आली होती."

"कसली?"

"त्या दिवशी तुम्ही मान वळवून ऐकत होतात. उजवा कान पुढे करून. आधीचे दोन-तीन रविवारसुद्धा. माझे वडील असेच करायचे, त्यांचा एक कान गेला होता. मी खुर्चीत बसून ऐकलं, मला काही दोष दिसला नाही. तेव्हाच मनात आलं की दोष यांच्या कानात आहे, हे सांगायला हवं. तोंडापर्यंत आलं होतं." त्यांनी चिमटा पुन्हा उचलला. "पण तुम्ही मला चोर म्हणालात. मग मी म्हटलं, राहू दे. बसू दे शोधत."

त्या रविवारला आता किती दिवस झाले होते, कुणास ठाऊक. थोडी आधी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. थोडी आधी म्हणजे नेमकी केव्हा, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. कदाचित त्या रविवारीही उशीरच झाला असता. कदाचित नसता.

"मला वाटलं, कानच तर आहे," घड्याळवाले म्हणाले. "म्हातारपणी जातोच. एवढं असेल असं स्वप्नातही..."

"मी येते," ताई म्हणाली.

बोळातून बाहेर पडताना तिने भिंत धरली होती. मनात राग होता का? होता. पण राग काढायला ज्या पायरीवर उभं राहावं लागतं, ती तिच्या पायाखाली नव्हती. चोर म्हणण्याची सुरुवात तिनेच केली होती. फिटंफाट झाली असं म्हणावं, तर तिची जीभ रेटेना.

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. गाठ निघाली, तिचा एक पातळ पापुद्रा नसेला चिकटलेला ठेवावा लागला. ताई शुद्धीवर आली तेव्हा डाव्या बाजूला जग नव्हतंच. आवाज नाही, गालाला स्पर्श नाही, पापणी मिटत नाही. आरशात अर्धा चेहरा तिचा होता आणि अर्धा कुणा दमलेल्या, परक्या बाईचा. भाऊ दर थोड्या वेळाने तिच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा आणि म्हणायचा, "या बाजूने तू आता माझ्यावर चिडलेली दिसत नाहीस. मला ही बाजू आवडते." ती हसायला जायची, आणि अर्धंच हसू यायचं.

घड्याळवाले दोनदा इस्पितळात आले. दोन्ही वेळा दारापाशी उभे राहिले, भावाशी बोलले, फळं ठेवून गेले. घरी आल्यावर एका रविवारी आले. भावाने चहा केला. तिघंही बसले. तबकडी लावा असं कुणी म्हणालं नाही. कपबशा वाजत होत्या तेवढ्याच. जाताना ते म्हणाले, "काळजी घ्या, बाई." पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. दुकानात काय बोलणं झालं, ते ताईने भावाला कधीच सांगितलं नाही. भाऊ मात्र म्हणत राहिला, "माणूस चांगला. तू एवढं बोललीस तरी फळं घेऊन आला."

बरी झाल्यावर ताईने एकदा अ‍ॅम्प लावून बघितला. एका कानाला सगळे व्हॉल्व्ह सारखे वाटले. गायिका जवळ आली नाही, दाराशी उभी राहिली नाही. ती नुसती कुठेतरी होती, कुठे ते कळत नव्हतं. ताईने व्हॉल्व्ह एकेक करून कापसात गुंडाळले आणि लांबून आलेल्या एका संग्राहकाला देऊन टाकले. त्याने प्रत्येक व्हॉल्व्ह उजेडात धरून बघितला. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

एक कान गेल्यावर आवाज अर्धा होतो, असं तिला वाटलं होतं. ते तसं नाही. आवाज येतो, पण त्याची दिशा जाते. रस्त्यात कुणी हाक मारली तर ती जागच्या जागी गरगर फिरायची. घरात फोन वाजला तर आधी स्वयंपाकघरात जायची, मग आठवायचं की तो बाहेर आहे. त्याचं तिला हसूही यायचं. पण मग ती दुपार आली.

ती पलंगावर आडवी होती. "ताई!" भावाची हाक आली. तिने ओ दिली. "ताई!" आवाजात काहीतरी वेगळं होतं. ती उठली. हाक भिंतीतून येत होती, छतातून येत होती, तिच्या डोक्याच्या आतून येत होती. ती त्याच्या खोलीत धावली, तिथे नव्हता. न्हाणीघराचं दार उघडलं, कोरडं. "अरे कुठे आहेस?" "ताई!" स्वयंपाकघरात गॅसवर दूध उतू जात होतं. तिने गॅस बंद केला. जिन्यात डोकावली, खाली गेली, अर्ध्यातून परत आली. हाक आता बारीक झाली होती. प्रत्येक खोली तिने दोनदा बघितली. ज्या घरात ती इतकी वर्षं राहिली, त्या घरात तिचा भाऊ मदतीला बोलावत होता, आणि ते घर तिला तो कुठे आहे ते सांगत नव्हतं. मग हाक थांबली. ते सगळ्यात वाईट होतं.

शेवटी तिला गच्चीच्या दाराची फट दिसली. कानाने नाही, डोळ्यांनी सापडली. भाऊ वाळलेले कपडे काढायला वर गेला होता आणि ओल्या फरशीवर घसरला होता. दोरीसकट खाली आला होता. पाय विचित्र वळला होता. अंगावर ताईचीच साडी पडली होती. तोंड पांढरं पडलं होतं, ओठ सुकले होते.

"आलीस का?" तो पुटपुटला. या वेळी खरंच पुटपुटला. "मला वाटलं, विसरलीस."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण काठी आली ती कायमची. छापखान्यातली नोकरी सुटली. मुद्रितं आता घरी येतात. ताईच्या डोक्याचं चित्र दर वर्षी काढावं लागतं. त्या दिवशी दोघं इस्पितळाच्या लांब वऱ्हांड्यात शेजारी शेजारी बसतात, तो तिच्या उजव्या हाताला. आतापर्यंत दोनदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत की पापुद्रा आहे तेवढाच आहे. वाढणार नाही, असं त्या म्हणत नाहीत.

गच्चीच्या प्रकारानंतर भावाने हाक मारायची नवी रीत काढली आहे. आधी जागा, मग माणूस. "स्वयंपाकघर, ताई!" "जिना, ताई, पिशवी जड आहे!" शेजारी हसतात. तोही हसतो. म्हणतो, "आयुष्यभर लोकांची वाक्यं सुधारली, आता माझी हाक सुधारून घेतलीय."

पण एखाद्या दुपारी त्याला विसर पडतो. नुसतंच "ताई" ऐकू येतं. मग ती हातातलं काम तसंच ठेवून जिथे असेल तिथे उभी राहते, श्वास रोखून, आणि पुढचा शब्द येण्याची वाट बघते.